मला न्यायला कोण येणार?

पत्र:

ताई, मी दापोली तालुक्यात हर्णै बंदराच्या जवळ राहते. मिस्टर ट्रॉलरवर असतात. माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे आणि मागच्या दिवाळीपासून मी घरीच दोन मुलं सांभाळते, एक नर्सताईंचं अकरा महिन्यांचं बाळ आणि एक शाळेतल्या सर-मॅडमचा साडेतीन वर्षांचा मुलगा. पैशाचा घराला उपयोग होतो, मला मुलांची आवडही आहे. पण गेला दीड महिना माझी मुलगी बाळाला चावते, परवा तर गालावर दात उमटले. रोज साधारण साडेअकराला, मी त्याला मांडीवर घेऊन भरवते तेव्हाच. चड्डीत शू करणं बंद झालं होतं ते परत सुरू झालंय. बाळ मला आई म्हणायला लागलंय आणि ते ऐकलं की ही किंचाळते. सासूबाई म्हणतात, लोकांची पोरं कडेवर आणि स्वतःची जमिनीवर. नर्सताई साडेसहाची वेळ सांगून साडेसातला येतात, वरचे पैसे मागायला जीभ रेटत नाही, त्या म्हणतात घरातलंच समज ना. एकदा ताप असताना बाळाला औषध पाजून ठेवून गेल्या. आता ओळखीतली अजून एक जण सात महिन्यांची मुलगी ठेव म्हणून मागे लागलीय. मी माझ्या मुलीवर अन्याय करतेय का? हे सगळं बंद करू का?

उत्तर:

अगं, माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि सकाळी चहा टाकायच्या आधी परत एकदा वाचलं कारण त्यातलं निम्मं माझ्याच घरात घडून गेलंय.

मी रत्नागिरीत माझ्या राहत्या घरात १९ वर्षं पाळणाघर चालवलं. सुरू केलं तेव्हा माझा धाकटा अडीच वर्षांचा होता. पाच मुलं यायची, संध्याकाळी साडेपाचपासून एकेकाची आई नाहीतर बाबा न्यायला यायचे, ओटीवर पिशव्या आणि वॉटरबॅगा ओळीने लावलेल्या असायच्या, ज्याचं माणूस आलं तो आपली पिशवी उचलून पळत सुटायचा. एक दिवस शेवटची मुलगी गेली, मी आत केर काढत होते, बाहेर येऊन बघते तर हा ओटीच्या पायरीवर बसलेला. पाठीला भाजीची पिशवी अडकवलेली, पायात चपला, डावी उजवीत आणि उजवी डावीत. मी म्हटलं, काय रे, निघालास कुठे? तर माझ्याकडे न बघता फाटकाकडे बघत म्हणाला, मला न्यायला कोण येणार?

मला आजही ते सांगताना घशात दाटून येतं. त्या पोराच्या हिशोबाने सकाळी सगळ्यांना कोणीतरी सोडतं आणि संध्याकाळी सगळ्यांना कोणीतरी न्यायला येतं, उचलून घेतं, मुके घेतं, आज काय खाल्लंस विचारतं. फक्त तो तिथेच राहतो. त्याची आई दिवसभर डोळ्यासमोर होती गं, पण ती सगळ्यांची काकू होती. त्याची आई अशी कधी यायचीच नाही.

तू विचारतेस अन्याय करतेय का. घरात दुसरी मुलं आहेत हा अन्याय नाही, अजिबात नाही. आपल्याकडे काकांची, आत्याची, शेजारची अशी सात-आठ पोरं एका पडवीत वाढायची आणि छान वाढायची. पण तेव्हा घरात चार बायका असायच्या, एकीच्या मांडीवर जागा नसली तर दुसरीची मांडी असायची. तुझ्या घरात मांडी एकच आहे आणि साडेअकराला तिच्यावर बाळ असतं. तुझी मुलगी चावते ती त्या मांडीसाठी.

त्यामुळे आधी चावण्याचंच बघू. सव्वादोन वर्षांच्या मुलाकडे शब्द कमी असतात आणि राग मोठा असतो, त्या वयात चावणं, बोचकारणं, ढकलणं हे बऱ्याच मुलांमध्ये दिसतं, त्यावरून पोरगी दुष्ट आहे किंवा बिघडली असं काही नसतं. तुला कोणीतरी सांगेल की तूही तिला चाव म्हणजे तिला कळेल किती दुखतं, किंवा ओठाला मिरची लाव. तसलं काही करू नको, कृपा करून करू नको. त्यातून तिला एवढंच कळतं की मोठी माणसंही चावतात. चावली की आधी बाळाकडे जा, त्याला उचल, जागा पाण्याने धू, आणि मग तिच्या उंचीला बसून एकच वाक्य सांग, चावायचं नाही, बाळाला दुखतं. बस, तेवढंच. लांबलचक भाषण, रडवणं, सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावणं यातलं काही नको, कारण चावल्यावर आई पूर्ण दहा मिनिटं माझ्याकडेच बघते हे तिला कळलं की तोच धडा ती शिकते.

पण खरं काम चावण्याच्या आधीचं आहे आणि तू स्वतःच वेळ लिहून दिलीस, साडेअकरा, म्हणजे अर्धं निदान तुझं तूच केलंस. तेव्हा तिला पण भूक लागलेली असते, मोठा मुलगा कंटाळलेला असतो, बाहेर पाऊस असतो. मी तुझ्या जागी असते तर सव्वाअकरालाच तिच्या वाटीत पेज वाढली असती, मऊ उकड्या तांदळाची, वर तुपाचा थेंब, आणि तिला स्वतःच्या हाताने खाऊ दिलं असतं, सांडू दे, फरशी पुसता येते. बाळाला मांडीवर भरवणं बंद कर. आता अकरा महिन्यांचं आहे, चांगलं बसतं, भिंतीला पाट टेकवून समोर बसव आणि समोरून भरव, तुझी एक बाजू रिकामी राहील, ती तुझ्या अंगाला टेकून बसेल. दोन दिवस करून बघ. मांडी दिवसभरासाठी कोणाचीच नाही, कोणी रडलं, पडलं तर आहेच, पण भरवण्यासाठी नाही.

आता एक गोष्ट विचारते, मनात उत्तर दे. दोघांत खेळण्यावरून भांडण झालं की तू आधी कोणाला ओरडतेस? मी माझ्याच मुलाला ओरडायचे. लोकांचं मूल आहे, त्याची आई काय म्हणेल, आपण आपल्या पोराची बाजू घेतो असं वाटायला नको म्हणून मी त्याच्या हातातला ट्रक काढून दुसऱ्याला द्यायचे आणि वर म्हणायचे, तू शहाणा ना, तो लहान आहे ना, दे त्याला. अशी कितीतरी वर्षं गेली. बाहेरच्या मुलांना माझ्याकडून मिळालेली माया खरी होती पण तिचा खर्च त्याच्या खात्यातून होत होता. पाळणाघर चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईकडून हे होतं, वाईट मनाने नाही, भीडेपोटी होतं. ‘तो लहान आहे, दे त्याला’ हे वाक्य तू आजपासून घरातून काढून टाक.

दोन वर्षांच्या मुलांना वाटून घेणं जमतच नाही, ती एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात, एकत्र खेळणं साधारण तीनच्या पुढे सुरू होतं. म्हणून तिच्यासाठी एक फळी कर, भिंतीतला कोनाडा असला तरी चालेल. त्या फळीवरच्या वस्तू तिच्या एकटीच्या, तिची बाहुली, तिचा पेला, आणि मुख्य म्हणजे तिची गोधडी. दुपारी झोपताना बाळ कुरकुरलं म्हणून तिची गोधडी त्याला टाकायची नाही. प्रत्येकाच्या घरून त्याचं पांघरूण येऊ दे. ज्या वस्तू वाटायच्या त्या वेगळ्या टोपलीत, त्या सगळ्यांच्या. सकाळी मुलं यायच्या आधी तिलाच विचार, आज टोपलीत काय ठेवू या? बघ, स्वतःहून एखादी गोष्ट आणून टाकेल.

चड्डीतल्या शूचं टेन्शन घेऊ नको. घरात नवं भावंड आलं की मुलं मागे जातात तसंच हे आहे, न रागावता चड्डी बदलायची, महिनाभरात रुळावर येईल. फक्त लघवी करताना रडत असेल, ताप असेल, सारखी सारखी थेंब थेंब होत असेल तर मात्र डॉक्टरला दाखव, ते वेगळं.

आणि ‘आई’. नऊ-दहा महिन्यांचं बाळ जो जवळ असतो त्याला आ-आ करतं, त्यात त्याचा काही दोष नाही आणि तुलाही गोड वाटत असेल, मला वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण तिथे ठाम राहा. त्याने आई म्हटलं की लगेच म्हण, काकू, मी काकू, आई दवाखान्यात गेलीय, संध्याकाळी येणार. दर वेळी, न कंटाळता. हे तुझ्या मुलीसाठी जितकं आहे तितकंच त्या नर्सताईंसाठी आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना इंजेक्शनं देऊन घरी येणाऱ्या बाईला आपलं मूल दुसरीला आई म्हणतं हे ऐकायला लागणं फार वाईट गं. त्याच कारणाने अजून एक सांगते, बाळ आता चालायच्या बेतात असेल, पहिलं पाऊल त्याने तुझ्या ओटीवर टाकलं तर आरडाओरडा करून व्हिडिओ पाठवू नको. संध्याकाळी एवढंच म्हण, आज उद्यात टाकेल हो, लक्ष ठेवा. त्यांना ते त्यांच्या घरात बघू दे. काही जणी म्हणतील हे लपवणं झालं, मला तसं वाटत नाही.

आता वेळेचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ‘घरातलंच समज’ हे वाक्य कोकणात फार स्वस्त आहे, आणि भीड मोडवत नाही म्हणून आपण ते ऐकून घेतो. पण साडेसहा ते साडेसात हा तास नर्सताई तुझ्याकडून घेत नाहीत, तुझ्या मुलीकडून घेतात. त्यांची ड्युटी लांबते हे मला मान्य आहे, पुढची सिस्टर आली नाही तर वॉर्ड सोडून कसं येणार, त्यांचा दोष नाही. म्हणून भांडायचं नाही, ठरवायचं. रविवारी दोघीच चहाला बसा, मुलं नकोत, आणि सांग की ताई, बाळ मला घरच्यासारखंच आहे म्हणून जीव लावते, पण साडेसहानंतर माझ्या पोरीची वेळ असते, तुम्हाला ड्युटी लांबणार असेल तर दुपारीच फोन करा, महिन्यातून दोन-तीनदा मी सांभाळून घेईन, त्यापुढे अर्ध्या तासाला अमुक रुपये लागतील. आकडा तू ठरव, पण बोलायच्या आधी ठरव, नाहीतर तोंडातून ‘असू दे हो’ निघून जातं. पगार महिन्याच्या १ ते ५ तारखेत, आगाऊ. गणपतीत आणि शिमग्यात तुझी सुट्टी किती दिवस ते आत्ताच सांगून ठेव, त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत हेही तेव्हाच बोलून घे. हे सगळं एका वहीत लिहा आणि दोघींनी सही करा. वहीत प्रत्येक मुलाचं पान असू दे, आईवडिलांचे दोन-दोन नंबर, डॉक्टरचा नंबर, कशाची ॲलर्जी, आणि मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं. त्या यादीत नसलेला माणूस आला, सख्खा मामा असला तरी, आईला फोन लागेपर्यंत मूल द्यायचं नाही.

तापाचं तर मला वाचूनच कसंतरी झालं. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास राहतो, म्हणजे सकाळी आठला पाजलं तर नऊला मूल हसतखेळत येतं आणि दुपारी एक-दोनला तुझ्या हातात निखारा. आणि तोपर्यंत त्याने तिघांच्या तोंडाला लावलेली खेळणी चघळलेली असतात. नियम असा कर की औषध न देता चोवीस तास ताप नसेल तरच मूल आणायचं. औषध द्यायचंच असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवरचंच, आणि किती एमएल, किती वाजता ते आईने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, सकाळी घरी काय दिलंय तेही लिहायचं म्हणजे डबल डोस जाणार नाही. नर्सताईंना हे समजावून सांगायची गरज नाही, त्या रोज हेच करतात. उलट त्यांच्याकडून तू एक गोष्ट शिकून घे. लहान मुलाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं ते एखाद्या बाहुलीवर तुला करून दाखवायला सांग. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि तळहाताच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, आणि परत तेच, तोवर कोणीतरी १०८ ला फोन. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, त्याने ते अजून आत जातं. वर्षाच्या पुढच्या मुलाला वेगळं असतं, तेही विचार. हे वाचून येत नाही, हात फिरावा लागतो.

अडकायच्या वस्तू आपल्या घरात कमी नाहीत. फणसाच्या आठळ्या, चिंचोके, शेंगदाणे, मांदेलीचे काटे, मोठ्या मुलाने खिशातून आणलेली गोटी. बाळ जमिनीच्या पातळीवर राहतं त्यामुळे त्याला जे दिसतं ते तुला उभ्याने दिसणार नाही, दिवसातून एकदा गुडघ्यावर बसून घरभर फीर. विळी वापरून झाली की लगेच वर, खिळ्याला. आणि पावसाळ्यात पागोळ्यांखाली आपण बादल्या, घंगाळं, पिंपं लावतो ना, ती मुलं घरात असेपर्यंत उपडी. रांगणाऱ्या मुलाला बुडायला चार बोटं पाणी पुरतं आणि ते आवाज न करता होतं. विहिरीवर जाळी आहे का? नसेल तर आधी ती. ओटीवरच्या चपला झटकून घालायच्या, लाकडाच्या मोळीजवळ आणि दगडी गडग्याकडे मुलांना पाठवायचं नाही, फुरसं हा विषारी साप कुठे बसलेला असतो ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. साप चावल्याचा संशय जरी आला तरी मंत्र-तंत्र नाही, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मूल हलू न देता सरळ सरकारी दवाखाना.

चौथं मूल, म्हणजे ती सात महिन्यांची. घेऊ नको. सरळ नाही म्हण. मी माझ्या मनाशी एक मोजमाप ठेवलं होतं ते तुला देते, अचानक घर सोडून पळायची वेळ आली तर माझ्या दोन कडेवर किती मुलं मावतात आणि किती मुलं माझ्या हाकेवर मागे धावत येतील. तुम्ही ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुमच्या दापोलीत डोळ्याने बघितलंय, पत्रे कसे उडत होते ते तुला सांगायला नको. आत्ता एका कडेवर बाळ, दुसऱ्या कडेवर तुझी, आणि साडेतीन वर्षांचा पदर धरून. संपली तुझी जागा. सात महिन्यांची आली तर कडेवरून कोण उतरणार? तुझीच उतरणार ना. पैशाचा मोह मला कळतो, तो वाईट नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे होड्या शाकारून ठेवलेल्या, मिस्टरांच्या हातात पैसा नाही, आणि नेमका हाच काळ तुझ्या मिळकतीवर घर चालायचा. पण त्यावर उपाय चौथं मूल हा नाही, आहेत त्या दोघांचे वेळेवर आणि पूर्ण पैसे येणं हा आहे.

बंदीचा एक फायदा मात्र आहे, मिस्टर घरी आहेत. जाळी दुरुस्त करत असतील, लावणीला जात असतील, तरी संध्याकाळी पाऊण तास मुलीला घेऊन बंदरावर जाऊ शकतात. त्यांना मदत करा म्हणून सांगू नको, त्यांची पोरगी आहे, मदत कसली. ट्रॉलर परत सुटला की तिला महिनोन्‌महिने बाप असा तुकड्या-तुकड्यानेच मिळणार. फक्त दुसऱ्यांची मुलं त्यांच्या एकट्याच्या भरवशावर टाकून तू बाजारात जायचं नाही, त्या आयांनी मुलं तुझ्याकडे ठेवलीत.

आणि सासूबाई. त्यांचं बोलणं तुला लागलं हे पत्रातून दिसतं, लागणारच. पण त्या खोटं बोलल्या नाहीत, कडवट बोलल्या. त्यांना वाद घालून उत्तर देण्यापेक्षा साडेअकराची वेळ त्यांच्या हवाली कर. म्हण, आई, मी बाळाला भरवते तेवढा अर्धा तास हिला तुम्ही तुमच्या हाताने जेवू घाला, ती तुमच्याकडे नीट जेवते. नातीच्या तोंडात घास घालायला कोणती आजी नाही म्हणेल?

साडेतीन वर्षांच्या मुलाचं तुला अजून एक सुचवते. तो अंगणवाडीच्या वयाचा आहे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे खाऊ, गाणी, पूर्वशिक्षण सगळं असतं. सर-मॅडमशी बोल, सकाळचे दोन-तीन तास तो तिथे जाऊ दे, नेणं-आणणं कोण करणार ते ठरवून. त्याला त्याच्या वयाची मुलं मिळतील, तुझा सकाळचा गलका कमी होईल. तुझी मुलगी तीनची झाली की तीही जाईल, आत्तासुद्धा तिचं नाव तिथे असायला हवं, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार मिळतो आणि वजन-उंची मोजली जाते. अंगणवाडी म्हटलं की लोक नाक मुरडतात, मला ते बिलकुल आवडत नाही. ही कल्पना आपल्याच किनाऱ्यावर वाढलीय, बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, मग पुढे कोसबाडच्या टेकडीवर. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असा त्यांचा विचार. आणि महागडी साधनं नव्हती म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे यांच्यावर मुलांना शिकवलं. हर्णैच्या माणसाला शिंपले विकत आणावे लागत नाहीत! मूठभर मोठे शिंपले, तोंडात मावणार नाहीत असे, उकळून वाळवून ठेव. पाऊस धरून बसला की लहानांना पाण्याच्या थाळ्यात धुवायला दे, तुझ्या डोळ्यासमोर, मोठ्याला लहान-मोठे लावायला दे. तासभर मोबाइल लागत नाही.

बंद करू का, हा तुझा शेवटचा प्रश्न. आत्ता नको. हे सगळं गणपतीपर्यंत करून बघ, तोवर दोन-अडीच महिने मिळतात. तेव्हाही ती झोपेत दचकत असेल, खाणं तुटलं असेल, मुलं यायच्या वेळी दाराआड जाऊन बसत असेल तर एक मूल कमी कर, आणि सर-मॅडमना किंवा नर्सताईंना महिनाभर आधी सांगून कमी कर. त्यात हार वगैरे काही नाही. पण मला वाटतं ती वेळ येणार नाही, कारण तू वेळ टिपलीस, कारण टिपलंस, म्हणजे तुझं तिच्याकडे लक्ष आहे.

आता माझ्या मुलाचं राहिलं. त्या दिवसानंतर मी एक ठरवलं. शेवटचं मूल गेलं की मी हात धुवायचे, दिवसभराचा गाऊन बदलून साडी नेसायचे, आणि मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून पुढच्या फाटकातून आत यायचे. तो पिशवी लावून पायरीवर बसलेला असायचा. मी फाटकातूनच हाक मारायचे, चल रे, न्यायला आले! तो धावत यायचा, मी उचलायचे, आज काय खाल्लंस, कोणाशी खेळलास सगळं विचारायचे, जणू काही मला माहीतच नाही, आणि तो सगळं सांगायचा, काकू ओरडली तेसुद्धा सांगायचा. काकू म्हणजे मीच. मग मी म्हणायचे, उद्या सांगते हं काकूला. मग आम्ही दोघं त्याच घरात शिरायचो आणि पुढचा अर्धा तास मी चूल पेटवायचे नाही, फोन घ्यायचे नाही. तो पहिलीत जाईपर्यंत हे रोज चाललं.

तू पण करून बघ. तिला एक छोटी पिशवी दे. सकाळीसुद्धा मुलं यायच्या आधी वीस मिनिटं तिची ठेव, वेणी घालायला, कुशीत लोळायला, आणि मग तिला सांग, आता मी काकू होते हं, संध्याकाळी न्यायला येते. सव्वादोन वर्षांच्या मुलीला हे कळतं.

फक्त पावसात घराच्या मागे चिऱ्यांवर शेवाळ धरतं, पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, बुळबुळीत होते, संध्याकाळी उजेडही नसतो. वळसा घालायचा तर आधी ती वाट खराट्याने खरवडून घे आणि वर दोन झावळ्या टाक.